सायकल ट्रॅक चौकात आल्यावर कुठे जातो? (रोजच्या सायकलस्वारांसाठी)

सायकलवाली

नमस्कार मंडळी. इथे सायकलवर बरेच धागे आहेत. कुठली घ्यावी, गिअर किती हवेत, बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) तयारी कशी करावी, पुणे-पंढरपूर वगैरे. ते मी आवडीने वाचते. हा धागा मात्र रोज सायकलने कामाला, शाळेला, मंडईत जाणाऱ्यांसाठी आहे. त्यांना घरी धडधाकट परत येता यावं म्हणून रस्त्यात नेमकं काय बदलायला हवं, एवढाच विषय.

मी कोथरूडहून शिवाजीनगरला एका लॅबमध्ये जाते. सकाळची पाळी असली की उजाडायच्या सुमारास निघते. त्या वेळी कर्वे रस्त्यावर सायकलवर कोण असतं ते सांगते. रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन, कॅरिअरला रिकामा डबा. पेपर टाकणारी मुलं. पातेल्याला कापड बांधून इडली विकायला निघालेले अण्णा. थापी आणि ओळंबा पिशवीत घालून मजूर अड्ड्यावर पोचायची घाई असलेले गवंडी. चार घरच्या पोळ्या करणारी एक मावशी, पदर खोचलेला, लेडीज सायकल, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लावलेली. यातल्या कोणाकडे हेल्मेट नसतं, बहुतेकांच्या सायकलला दिवाही नसतो. सायकल धोरणावरच्या सभेला यांना कोणी बोलावत नाही, आणि बोलावलं तरी त्या वेळी ते कामावर असतात.

हे थोडेथोडके लोक नाहीत. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच 'कामाला कशाने जाता' असा प्रश्न विचारला गेला. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत देशभरात १३ टक्के लोक सायकलने जात होते. साधारण आठातला एक.

आता मुद्द्यावर येते. पुण्याचा सायकल आराखडा महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केला. आठशे किलोमीटरहून मोठं जाळं त्यात आखलेलं आहे. ट्रॅक त्याआधीपासूनही होतेच. बीआरटीच्या (बससाठी वेगळ्या मार्गिकेच्या) काळात, २००६ नंतर, मोठ्या रस्त्यांच्या कडेने ते झाले. माझा प्रश्न किती किलोमीटर झाले हा नाही. ट्रॅक चौकात येऊन संपतो का, हा आहे.

आमच्या भागातल्या एका मोठ्या चौकाचं उदाहरण देते. चौकाच्या अलीकडे ट्रॅक चांगला रुंद आहे, वर झाडांची सावली आहे. चौक जवळ आला की आधी विजेचा डीपी आडवा येतो. त्याला वळसा घातला की ओळीने लोखंडी खांब. मोटारसायकली चढू नयेत म्हणून लावलेत, पण दोन खांबांच्या मधून माझं हँडल जात नाही. त्याच्यापुढे उतार करायचा राहून गेलाय, म्हणून वीतभर उंच कडेचा दगड. तिथून सायकल हाताने उतरवायची ती थेट डावीकडच्या मोकळ्या वळणावर, जिथे सिग्नल लाल असला तरी बस, रिक्षा, टेम्पो न थांबता वळत असतात. आणि तिथेच पावसाळी गटाराचं झाकण आहे, त्याचे गज रस्त्याला समांतर. माझं टायर त्या फटीत बरोबर बसतं.

सरळ रस्त्यावर मी आणि बस एकाच दिशेने जात असतो. चौकात बसला डावीकडे वळायचं असतं आणि मला सरळ जायचं असतं. म्हणजे टक्कर होण्याची जागा चौक आहे, आणि नेमकी तीच जागा आपण ट्रॅकमधून वगळली आहे. मला मनापासून वाटतं की पुढच्या काही वर्षांत एकही नवा ट्रॅक झाला नाही तरी चालेल, पण आहेत त्या ट्रॅकवरचे चौक आधी दुरुस्त व्हावेत.

तुमचा अनुभव लिहा. कुठला चौक, कुठून कुठे जाताना, नेमकं काय होतं. 'पुण्यात सायकल चालवणं अशक्य झालंय' एवढंच लिहिलं तर त्याचं पुढे काही करता येत नाही.

वारजेकर

अगदी योग्य विषय. माझा रस्ता वारजे ते हडपसर एमआयडीसी. सगळ्यात जास्त भीती डंपर आणि पाण्याच्या टँकरची वाटते. सिग्नलला थांबताना सायकलवाला डाव्या कडेने पुढे सरकतो, कारण तिथे जागा असते. टँकरच्या डाव्या दाराच्या खाली, पुढच्या चाकाजवळ उभा राहिला की ड्रायव्हरला तो आरशातही दिसत नाही. हिरवा पडला, टँकर डावीकडे वळला, की मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून येतं. आमच्या कंपनीतला एक सहकारी असाच गेला. तो सिग्नल पाळून उभा होता.

माझा नियम असा: अवजड गाडी थांबलेली असेल तर तिच्या डावीकडे जायचंच नाही. मागे थांबायचं, किंवा एवढं पुढे जायचं की ड्रायव्हरच्या समोर दिसू. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. कारखान्यात नवीन लागलेल्या पोरांना मी हे गेटवर उभं राहून सांगतो.

निवृत्त अभियंता

माझी नोकरी रस्त्यांच्या कामांत गेली (पुण्यात नव्हे), म्हणून चौक का राहून जातो ते आतल्या बाजूने सांगतो.

सायकल ट्रॅकचे अंदाजपत्रक लांबीवर बनते. अमुक किलोमीटर, अमुक रुंदी, पेव्हर ब्लॉक की काँक्रीट, दर गुणिले लांबी. चौकात लांबी मोजण्यासारखी नसते आणि काम मात्र सगळ्यात किचकट असते. रस्ता पथ विभागाचा, झाकण ड्रेनेज विभागाचे, दिव्याचा खांब विद्युत विभागाचा, डीपी वीज कंपनीचा, सिग्नलचे टायमिंग वाहतूक पोलिसांच्या हातात. ठेकेदाराला या सगळ्यांची परवानगी मिळेपर्यंत मुदत संपते. मग तो चौकाच्या अलीकडे काम थांबवतो आणि पलीकडे पुन्हा सुरू करतो. मोजमाप वहीत लांबी पूर्ण भरते.

आता उपाय. धागाकर्तीने लिहिलेले मोकळे डावे वळण हा पहिला शत्रू. चौकाचा कोपरा जितका मोठ्या गोलाईत कापलेला, तितक्या वेगात गाडी वळते. कोपरा आत घेऊन गोलाई लहान केली की चालकाला वेग कमी करावाच लागतो, तिथे पोलीस उभा असो वा नसो. ५० आणि ३० हे वेग ऐकायला जवळजवळ वाटतात, पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ५० ला ती ३० च्या पावणेतीन पट असते. सायकलस्वार उठून उभा राहणार की नाही हे त्या फरकावर ठरते.

दुसरे म्हणजे ट्रॅक जिथे बाजूच्या गल्लीचे तोंड ओलांडतो तिथे ट्रॅकला खाली उतरवायचे नाही. ट्रॅकची पातळी तीच ठेवायची आणि गाडीला चढून उतरायला लावायचे. रुंद गतिरोधकावरच ट्रॅक आणि पादचारी पट्टा बसतो. खर्च फार नाही. आणि तिसरे, मोठ्या सिग्नलला सायकलसाठी थांबा-रेषा मोटारींच्या रेषेच्या पुढे आखायची. वारजेकरांनी जे सांगितले ते तिथे आपोआप साधते, कारण सायकलस्वार चालकाच्या डोळ्यांसमोर उभा असतो.

हे सगळे कायमचे बांधायच्या आधी रंग आणि प्लास्टिकचे खांब लावून महिनाभर करून बघता येते. चुकले तर हलवता येते. मानकांचे म्हणाल तर सायकल ट्रॅकसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे आयआरसी ११ आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१५ ची. पुण्याची स्वतःची रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि पादचारी धोरण २०१६ पासून आहे. कागद तयार आहेत.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा. मी स्वतः खुर्चीवर बसलो असल्यामुळे सांगतो, असा अर्ज वेगळा काढून ठेवला जातो.

रानजाई

वाचतेय. अभियंता काका, झाकणाच्या गजांबद्दलही सांगा ना. गेल्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याचं पुढचं चाक त्यात अडकून खांदा निखळला.

निवृत्त अभियंता

रानजाई, यजमान आता बरे असतील अशी आशा. झाकण चौकोनी असेल तर चौकटीतून उचलून ९० अंशात फिरवून ठेवायचे, गज आडवे होतात. खर्च शून्य, दोन माणसे आणि एक पहार. झाकण आयताकृती असेल तर गजांवर दोन आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या. अर्जात फोटो देताना झाकणावर सायकलचे चाक उभे करून फोटो काढा, म्हणजे बघणाऱ्याला सांगावे लागत नाही.

पेठेतला दुकानदार

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आता माझी बाजू पण ऐका. मध्यवस्तीत रस्ते मुळात अरुंद. त्यात ट्रॅक काढायचा म्हणजे पार्किंग जाणार. गिऱ्हाईक गाडीवर येतं, गाडी लावायला मिळाली नाही तर पुढच्या मॉलला जातं. आमचा माल टेम्पोने येतो, तो उतरवायचा कुठे? वडिलांच्या वेळेला आमच्या दुकानासमोर सायकली लागायच्या, भिंतीला टेकवून, एकावर एक. ते दिवस मीही पाहिलेत, पण आता गिऱ्हाईक सायकलवर येत नाही हे मान्य करा. माझ्या दुकानातला माणूस मात्र अजून सायकलनेच येतो, म्हणून या धाग्यात रस आहे.

सायकलवाली

दादा, तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. तुमची टेम्पोची अडचण खरी आहे. माल उतरवायला ठरलेल्या वेळा आणि ठरलेली जागा हवीच, त्यात दुमत नाही. आणि पेठेतल्या गल्लीत वेगळा ट्रॅक मी मागणारही नाही. तिथे सगळ्यांचाच वेग २०-२५ वर आला तर सायकल मधून चालू शकते, वेगळी पट्टी लागत नाही.

पार्किंगचं मात्र एकदा नीट बघा. सकाळी दुकानं उघडताना जी गाडी लागते आणि रात्री शटर पडल्यावर निघते, ती कोणाची असते? मी आमच्या मामांच्या दुकानाबाहेर बसून पाहिलंय. निम्म्याहून जास्त जागा दुकानदारांच्या आणि नोकरमाणसांच्याच गाड्यांनी अडवलेली होती. गिऱ्हाईक पुढच्या चौकात गाडी लावून चालत येत होतं. पार्किंगला पैसे घेणारं धोरण मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये मंजूर केलंय, तेव्हापासून ते कागदावरच राहिलं. ते लागू झालं तर सगळ्यात आधी फायदा तुमच्या गिऱ्हाइकाचा होईल, कारण जागा तासातासाला रिकामी होईल.

पेठेतला दुकानदार

गाड्या दुकानवाल्यांच्याच असतात हे नाकारत नाही. आमच्या ओळीतही तसंच आहे. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन पाळला, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद केला होता. त्या दिवशी लोक रमतगमत फिरत होते, लहान मुलं रस्त्याच्या मध्ये पळत होती, हे मी पाहिलंय. धंद्याचं म्हणाल तर एका दिवसावरून काही ठरवता येत नाही. पण ठरावीक वेळ टेम्पोला द्या, पार्किंगला पैसे सगळ्यांना सारखे लावा, ओळखीवर सूट नको, मग आमचा विरोध राहणार नाही. निदान माझा तरी.

उट्रेक्टहून

बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, त्याआधी सहकारनगरला होते. इथला विषय निघाला की लोक म्हणतात, 'तिकडची गोष्ट वेगळी, त्यांच्या रक्तातच सायकल आहे.' म्हणून थोडा इतिहास लिहिते, कारण तो पुण्याच्या फार जवळचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे पैसा आला आणि मोटारी आल्या. जुन्या गल्ल्या रुंद केल्या, चौकांत गाड्या लावायला लागल्या, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ मध्ये या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी त्यात होती. त्याने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातूनच 'मुलांचे खून थांबवा' ही चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, जिथे अपघात झाले ते रस्ते अडवले. त्यातच १९७३ चं तेलसंकट आलं आणि सरकारने नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. लोकांना रिकामे रस्ते दिसले. आज जे ट्रॅक पर्यटक बघतात ते तिथपासून, एकेक चौक भांडून मिळवलेले आहेत.

चौकाबद्दल काकांनी लिहिलंय त्यात इथली एक गोष्ट जोडते. इथल्या मोठ्या चौकांत कोपऱ्यावर दगडी बेट असतं, भाकरीच्या चतकोरासारखं. ट्रॅक त्या बेटाच्या आतल्या बाजूने जातो आणि रस्ता ओलांडायची जागा मोटारीच्या वळणापासून साधारण एका गाडीच्या लांबीइतकी मागे असते. त्यामुळे वळणारी गाडी आधी वळून सरळ होते, सायकलस्वार तिच्या समोर काटकोनात दिसतो आणि गाडी मागच्यांचा रस्ता न अडवता तिथे थांबू शकते. पहिल्यांदा इथे सायकल चालवली तेव्हा कळलं की आपण मान वळवून मागे बघतच नाही आहोत, कारण मागून काही येतच नाही.

उट्रेक्टच्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची जागा आहे, ती २०१९ मध्ये पूर्ण झाली. पण मी ते उदाहरण पुण्याला देणार नाही. पुण्याला स्पेनमधलं सेव्हिल देईन. उन्हाळ्यात चाळीशी गाठणारं शहर, सायकलवर जेमतेम अर्धा टक्का लोक. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी साधारण ८० किलोमीटरचं जाळं एका दमात बांधलं, तुकड्यातुकड्याने नाही, आणि त्यासाठी बरीच जागा गाड्या लावायच्या पट्ट्यातून घेतली. थोड्या वर्षांत सायकलचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास गेला. जोडलेलं होतं म्हणून ते चाललं.

मुंबईचा पेडलवाला

आमच्याकडे उलटा प्रवास झाला. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल ट्रॅक होता, तो काढून मोटारींना जागा द्यायचं ठरलं. तुम्ही चौक म्हणताय तेच तिथेही होतं. ट्रॅक संकुलाच्या आत फिरायचा, पण वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनपासून तिथपर्यंत सुखरूप यायची सोय नव्हती. मग कोण वापरणार? आणि कोणी वापरत नाही म्हणून काढला. पुण्यात हे होऊ द्यायचं नसेल तर आहे त्या ट्रॅकवर माणसं दिसायला हवीत.

सायलीची आई

मुलगी सातवीत आहे, शाळा दोन किलोमीटरवर. तिला सायकलने जायचंय, मैत्रिणीही तयार आहेत. मला धीर होत नाही. व्हॅनवाल्या काकांना दर महिन्याला पैसे देते आणि ती खिडकीतून सायकलवाल्या मुलांकडे बघते, ते बघून वाईट वाटतं. काय करू? कृपया 'काही होत नाही, पाठवा' असं सांगू नका.

सायकलवाली

नाही सांगणार ताई. तुमची भीती योग्य आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात पादचारी आणि दुचाकीवाले मिळून जवळपास दोन तृतीयांश. भीती आईच्या मनात असते पण कारण रस्त्यावर असतं.

तरी करता येण्यासारखं आहे. मोठा रस्ता पूर्ण टाळून सोसायट्यांच्या आतल्या गल्ल्यांतून वाट काढा, लांब पडली तरी चालेल. एक-दोन रविवारी तुम्ही तिच्या मागे सायकलवर जा. पुढे नको, मागे. ती चौकात काय करते ते दिसतं. मुख्य रस्ता जिथे ओलांडायचा तिथे उतरून, सायकल हातात धरून, झेब्रावरून. उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना दार उघडेल एवढं अंतर सोडायचं, हे तिला मोटारीचं दार प्रत्यक्ष उघडून दाखवा. आणि मैत्रिणी चौघी-पाचजणी एकत्र निघाल्या तर फार फरक पडतो, कारण घोळका लांबून दिसतो.

हेल्मेट घाला. पडल्यावर डोकं वाचवतं. मात्र रस्ता तसाच ठेवून नुसतं 'हेल्मेट का घातलं नाही' असं मुलांना विचारणाऱ्यांचा मला राग येतो.

वारजेकर

सायलीच्या आई, शाळेतल्या पालकसभेत एक विषय काढा. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास गेटसमोरच्या गल्लीत मोटारी आणि व्हॅन आत आणायच्या नाहीत, कोपऱ्यावर थांबवायच्या. आमच्या मुलाच्या शाळेत पालकांनीच दोरी धरून हे सुरू केलं. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली, नंतर व्हॅनवाल्यांनाच ते सोपं वाटायला लागलं, कारण गेटसमोरचा गुंता सुटला.

विदर्भातली शिक्षिका

शहरांबद्दल बोलताय, तरी लिहावंसं वाटलं. मी यवतमाळ जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल आली आणि आमच्या आसपासच्या पाड्यांवरच्या मुली दहावीपर्यंत टिकल्या, हे मी वर्गात हजेरी घेताना पाहिलं आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, त्याचा अभ्यास झाला आहे. माध्यमिक शाळेत मुलींची पटनोंदणी तिथे ३० टक्क्यांहून जास्त वाढली आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. एका साध्या सायकलने एवढं झालं.

पण आमच्या गावाजवळून जाणारा रस्ता आता चौपदरी झाला. मध्ये दुभाजक. पूर्वी फाट्यावर थांबून, दोन्हीकडे बघून मुली पलीकडे जायच्या. आता दुभाजकातली फट फाट्यापासून बरीच दूर आहे, त्यामुळे तेवढ्या अंतरासाठी मुली उलट्या दिशेने, ट्रकच्या समोरून येतात. रस्ता बांधताना या फाट्यावरून रोज कोण जातं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मागच्या वर्षी दोघीजणी सायकल सोडून घरी बसल्या. एकीच्या वडिलांनी मला सांगितलं, 'मॅडम, शिक्षण पाहिजेच आहे, पण पोरगी पण पाहिजे आहे.' त्यांना मी काय उत्तर देणार होते?

तुमच्यापैकी कोणाला रस्त्याच्या रचनेतलं कळत असेल तर सांगा, अशा ठिकाणी काय मागावं?

निवृत्त अभियंता

बाई, दोन गोष्टी मागा. एक, रस्त्याखालून जाणारा नाल्याचा बॉक्स कल्व्हर्ट (चौकोनी काँक्रीटची मोरी) जवळपास आहे का पाहा. पुरेसा उंच असेल तर त्याच्या एका गाळ्यातून पायी-सायकल मार्ग काढता येतो, मी तसे एक काम केले आहे. दोन, ते शक्य नसेल तर दोन्ही बाजूंना फाट्यापासून दुभाजकाच्या फटीपर्यंत कडेने वेगळा सायकल मार्ग, म्हणजे उलट दिशेने यावे लागले तरी ट्रकच्या पट्ट्यात यावे लागणार नाही. फटीच्या आधी रम्बल पट्ट्या (गाडीला हादरे देऊन सावध करणाऱ्या उंच पट्ट्या) आणि दिवा. अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह द्या आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. मुलींची संख्या, शाळेची वेळ आणि फाट्याचा हाताने काढलेला नकाशा जोडा. मसुदा मी करून देतो, व्यक्तिगत निरोप करा.

विदर्भातली शिक्षिका

मनापासून आभार. निरोप केला आहे.

इचलकरंजीकर

आमच्याकडे यंत्रमागाची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. आता मोटारसायकली वाढल्या, तरी जुने कामगार सायकलवरच आहेत. त्यांच्यासाठी एकच मागतो, रात्री पाळी सुटते त्या रस्त्यावर दिवे चालू ठेवा. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मडगार्डला लाल रिफ्लेक्टर चिकटवून द्या. आम्ही गल्लीतल्या सायकल दुकानदाराला सांगून ठेवलंय, पंक्चर काढायला कोणी आलं की मागे पट्टी चिकटवूनच सायकल द्यायची. पैसे आम्ही काहीजण मिळून देतो.

सायकलवाली

इचलकरंजीकर, हे फार आवडलं. मी उद्याच आमच्या पंक्चरवाल्या काकांशी बोलते.

पुण्यातल्यांसाठी आता कामाचं लिहिते. महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. एका कामाची मर्यादा पाच लाख. पाच लाखांत ट्रॅक होत नाही, पण अभियंता काकांनी सांगितलेली बरीचशी कामं बसतात: कडेच्या दगडाला उतार, दोन खांबांमधलं अंतर वाढवणं, गल्लीच्या तोंडाशी उंच पट्टा, झाकणाला आडव्या पट्ट्या, पुढची थांबा-रेषा. एका अर्जात एकच चौक आणि एकच काम लिहायचं, म्हणजे 'व्यवहार्य नाही' असा एकत्र शेरा मारता येत नाही. आपण सगळ्यांनी वेगवेगळ्या चौकांचे अर्ज भरले तर पुढच्या अंदाजपत्रकात त्यातले काही तरी दिसतील.

मी कर्वे रस्त्याच्या बाजूचे तीन चौक घेते. वारजेकर, तुम्ही तुमच्या बाजूचे घ्याल का? सिंहगड रस्ता आणि सातारा रस्ता यांसाठी कोणीतरी पुढे या.

रानजाई

सिंहगड रस्ता मी आणि नवरा मिळून करतो. त्याचा खांदा आता बरा आहे. झाकणांचे फोटो आधीच काढून ठेवलेत, चाक उभं करून.

पेठेतला दुकानदार

आमच्या कोपऱ्यावर एक मोकळं डावं वळण आहे, तिथे माझ्या माणसाला दोनदा रिक्षाचा धक्का लागलाय. तो अर्ज मी भरतो. दुकानाचा शिक्का मारला तर चालतो का?

निवृत्त अभियंता

चालतो, उत्तम. व्यापाऱ्याने सायकलसाठी केलेला अर्ज क्वचित येतो. शेजारच्या दोन दुकानांच्या सह्याही घ्या. आणि सर्वांनी जाताना टेप घेऊन जा. खांबांमधले अंतर, दगडाची उंची, ट्रॅकची चौकाजवळची रुंदी, तिन्ही मापे अर्जात लिहा. एका दिशेच्या ट्रॅकला किमान दोन मीटर हवेत, त्यापेक्षा कमी भरले तर ते वेगळ्या ओळीत लिहा.

वारजेकर

रविवारी सकाळी सातला वारजे पुलाखाली मी टेप घेऊन असेन. ज्यांना यायचंय त्यांनी या. सायकलच्या मागे दिवा लावून या.